टेलची ओळ

नीरा डाव्या कालव्यावर एक मोठा लेख लिहायचा म्हणून मी तीन महिने टिपणं जमवत होतो आणि ती माइंड मॅपच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत होतो. पडद्याच्या मधोमध 'कालवा' हा शब्द आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या फांद्या. एका फांदीवर १८७६-७७ चा दुष्काळ, त्यानंतर सुरू झालेलं काम, १८८५ साली सुटलेलं पाणी आणि भाटघरचं धरण. दुसरीवर ऊस, फाटे, चाऱ्या, पाण्याच्या पाळ्या. तिसरीवर बारामतीचा जिरायत पट्टा. आणि अगदी कोपऱ्यात, जागा उरली तिथे, इंदापूरकडचं टेल, म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. रोज रात्री तो नकाशा उघडला की लेख जवळजवळ झाला असं वाटे. लेखाचं पहिलं वाक्य मात्र उतरत नव्हतं.

शेवटी तीच टिपणं मी आउटलायनरमध्ये घेतली. तिथे चित्र नाही. ओळीखाली ओळ, आणि जी दुसरीच्या पोटातली ती थोडी आत सरकलेली. पहिल्याच मिनिटाला त्याने मला विचारलं, आधी काय? नकाशाने तीन महिन्यांत एकदाही हा प्रश्न विचारला नव्हता.

रचनेच्या दृष्टीने दोन्ही एकच झाड आहे, हे सांगायला हवं. फ्रीप्लेनसारख्या माइंड मॅपच्या सॉफ्टवेअरमधला नकाशा ओळींच्या यादीत उतरवता येतो आणि एकही शब्द गळत नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्टने आपली संगणक-प्रणाली लोकांसमोर चालवून दाखवली, तेव्हा घरच्या बाजारहाटाची एक साधी यादी पडद्यावर घेतली, तिचे गट पाडले, गट उघडले-मिटले. मग घरी जाण्याच्या वाटेचं चित्र काढून त्याच कामांचे थांबे त्यावर दाखवले. यादी आणि नकाशा ही एकाच कामाची दोन रूपं आहेत, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं. टोनी बुझानने माइंड मॅप हे नाव लोकप्रिय केलं ते त्यानंतर, १९७०च्या दशकात. आणि त्यानंतर रंगीत फांद्यांची इतकी चलती झाली की यादी म्हणजे जुनाट, नकाशा म्हणजे सर्जनशील असा समज रूढ झाला. मला तो समज घातक वाटतो. नकाशात सगळं एकाच वेळी दिसतं. वाचणाऱ्याला मात्र काहीच एकाच वेळी मिळत नाही. त्याच्याकडे शब्द एकामागून एक येतात, चारीतून पाणी यावं तसे. हा काळाचा धागा नकाशा लपवतो आणि यादी तो हातात देते.

चित्रातून ओळ कशी उतरते, याचं उदाहरण मला इंदापूरच्याच मातीत सापडलं. १८३० च्या सुमारास प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर सारा ठरवण्याचा घाट घातला. हिशेब किचकट, आकारणी जड; शेतं ओस पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्याने आकारणी केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. प्रतबंदी करणारा, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारा, माणूस शेतात उभा राही, शेताची आकृती काढी, आडव्या-उभ्या रेघांनी तिचे चौकोन पाडी. प्रत्येक चौकोनात माती किती हात खोल, रंगपोत कसा, हे आकड्याने लिही. चुनखडीचे खडे, वाळू, उतार असे दोष असले तर त्यांच्या खुणा, आणि प्रत्येक दोषापायी जमीन एक पायरी खाली. पद्धत स्थिरावली तेव्हा पायऱ्या नऊ होत्या, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. मग सगळ्या चौकोनांची सरासरी निघे आणि अख्खं शेत वहीतल्या एका ओळीत उतरे.

त्या आकृतीत शेताचा कोपरान् कोपरा होता. बांधालगतची खडकाळ पट्टीही होती आणि मधला काळाभोर तुकडाही. ओळीत आला तो फक्त आण्यांचा आकडा. पण सारा आकृतीवर बसवता येत नाही, ओळीवरच बसवता येतो. कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवताना काहीतरी वगळावं लागतं. प्रिंगलला शेत कळत नव्हतं असं नाही. त्याला शेताबद्दल जास्तच हवं होतं.

मजकुराला स्वतःचा असा क्रम नसतो, तोही कुणीतरी ठरवावा लागतो, हे बारामतीने फार पूर्वी पाहिलं आहे. कऱ्हेच्या काठी राहून कवी मोरोपंतांनी अठराव्या शतकात एकच रामकथा पुन्हा पुन्हा रचली. परंपरा त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणं सांगते. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटावे लागतील अशी अक्षरं वर्ज्य आहेत. म्हणजे 'म' नाही, म्हणजे 'राम' हे नावही नाही. ज्याची कथा त्याचंच नाव वगळून ती सांगायची! पंडिती कसरत म्हणून याला नाकं मुरडली गेली. मला त्यात मांडणीचं धैर्य दिसतं.

तरीही नकाशा मी फेकून दिला नाही. इंदापूर तालुका नीरेच्या कालव्याचं शेपूट आहे; त्याच तालुक्याच्या उत्तरेला भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी १९८० पासून पसरलेलं आहे, भिगवणजवळ त्यात रोहित पक्षी उतरतात. एका पाण्याच्या बाबतीत शेवटचा, दुसऱ्याच्या अगदी काठावरचा. ही नोंद नीरेखाली लिहू की भीमेखाली? माझ्या आउटलायनरमध्ये प्रत्येक ओळीला एकच आई असते. नकाशात मी दोन्ही फांद्यांमधून एक तुटक रेघ ओढली आणि ती नीरा-नरसिंहपूरला, जिथे दोन्ही नद्या मिळतात, तिथे नेऊन जोडली. अशी रेघ यादीला कधीच सुचली नसती.

पण रेघ सुचणं आणि लेख होणं यांत अंतर आहे. कालवाही कुणीतरी कागदावर ओढलेली रेघच होती. उताराच्या हिशेबाने ती पुरंदर, बारामतीतून इंदापुरात गेली. रेघेच्या खालचा नीरेकडचा भाग बागायत झाला आणि वरचा जिरायत राहिला. एकमेकांना लागून असलेल्या गावांची लग्नाची स्थळंसुद्धा पुढे या रेघेवरून ठरू लागली. आणि रेघेच्या खाली असूनही जो टोकाला होता, त्याच्यापर्यंत पाणी पोचेपर्यंत वरची दारं फुटलेली असत. रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसलेला टेलचा शेतकरी हे कुठल्याही अभियंत्याइतकंच नेमकं सांगतो.

माझ्या यादीत भाटघर सर्वांत वर होतं. त्याखाली वीर धरण, मग फाटे, मग बारामती, ऊस, पाळ्या. टेलची ओळ चौतिसावी होती. म्हणजे पाण्याचा क्रम मी न विचारता लेखाचा क्रम केला होता. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, टेलकडून हेडकडे, टोकाकडून मुखाकडे द्यावी, ही तिथली जुनी मागणी. मी ती ओळ धरली आणि वर सरकवत नेली, पाळ्यांच्या वर, उसाच्या वर, धरणाच्याही वर. बाकी सगळ्या ओळी एकेक पाऊल खाली उतरल्या. मग रात्री चारीवर बसलेल्या त्या माणसापासून पहिलं वाक्य लिहिलं.