गप्प बसलेला वर्ग

कुस्कोक्विम नदीच्या मुखाकडच्या त्या सपाट पाणथळ मुलखात गाव लांबून ओळखू येतं ते शाळेमुळे. छोटं विमान खाली उतरू लागलं की आधी नुसती तळी दिसतात, तळ्यांमधून वळणं घेत जाणारे ओढे दिसतात, आणि मग खांबांवर उभी असलेली एक मोठी इमारत. बाकीची घरं तिच्याभोवती. जमिनीखाली बारमाही गोठलेला थर असल्यामुळे घरं जमिनीपासून उचलून बांधलेली, आणि चालायच्या वाटाही लाकडी फळ्यांच्या. अलास्काच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात, युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात, यूपिक लोकांची पन्नासच्या आसपास गावं आहेत आणि त्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. बेथेल हे मध्यवर्ती शहर, तेही अँकरेजपासून सुमारे चारशे मैलांवर, विमानानेच गाठायचं. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात नदी गोठली की तिच्याच पाठीवरून स्नोमशीन आणि मोटारी. बर्फ धरण्याच्या आणि फुटण्याच्या दिवसांत यातलं काहीच चालत नाही.

पुण्याजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवत होते, तिथून मी या गावात आले. ऑगस्टमध्ये शाळा उघडली. उजेड अजून रात्री उशिरापर्यंत रेंगाळत होता आणि टुंड्रावर निळ्या बेरी पिकल्या होत्या.

शाळेची इमारत इथे फक्त शाळा नसते, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. गावातल्या अनेक घरांना नळ नाही, संडासाच्या जागी बादली आहे. शाळेत गरम पाणी आहे, तिचा स्वतःचा जनरेटर आहे. संध्याकाळी तिच्या जिममध्ये बास्केटबॉल चालतो आणि निम्मं गाव तिथे असतं. कुणी गेलं तर मयतीनंतरचं जेवणही तिथेच होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाच्या उरल्यासुरल्या जोराने किपनुक आणि क्विगिलिंगोक ही किनाऱ्याची गावं उद्ध्वस्त केली, घरं पायावरून उखडून वाहून गेली, तेव्हा लोकांनी आसरा घेतला तो शाळेतच.

आणि ही शाळा गावाला कुणी आपणहून दिलेली नाही. १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक गावांत आठवीपर्यंतचीच सोय होती. पुढे शिकायचं तर घर सोडून सिटकाच्या माउंट एजकम्बला, किंवा थेट ऑरेगॉनमधल्या चेमावाला, वसतिगृहाच्या शाळेत जायचं. चौदा-पंधरा वर्षांची मुलं शरदात विमानात बसायची आणि उन्हाळ्यात परतायची. जे वय मासेमारी, शिकार, शिवणकाम हातात मुरण्याचं, ते वय बाहेर जायचं. १९७२ साली या मुलांच्या वतीने सरकारविरुद्ध खटला भरला गेला. त्याला ज्या मुलीच्या नावाने सगळं अलास्का ओळखतं ती मॉली हूच, युकॉनच्या मुखाजवळच्या एमोनाक गावातली यूपिक मुलगी. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि १२६ गावांत माध्यमिक शाळा काढण्याचं राज्याने मान्य केलं. माझ्या वर्गाच्या भिंती या भांडणातून उभ्या राहिल्या आहेत. बाहेरून येणाऱ्या शिक्षकाने पगाराच्या करारासोबत हाही कागद वाचलेला असावा असं मला वाटतं.

वर्गात मात्र शांतता होती. अशी शांतता मी आधी कधी अनुभवली नव्हती. आपल्याकडे फळ्याकडे तोंड करून वळलं की पाठीमागे कुजबुज सुरू होते; प्रश्न विचारला की चार हात वर येतात, दोघं तर उभेच राहतात. इथे प्रश्न विचारला की काही होत नाही. मुलं बघत राहतात. बेपर्वाई नाही, भीतीही दिसत नाही. उत्तर येतं ते चेहऱ्यावर: होकार असला तर भुवया क्षणभर वर जातात, नकार असला तर नाकाला बारीक मुरड पडते. खोली भरून होकार येऊन गेलेला असतो आणि शिक्षक अजून उत्तराची वाट बघत असतो. भुवयांचं हे बोलणं नजरेला लवकर सरावतं. त्यामागची शिस्त उमगायला जास्त वेळ लागतो.

माझ्या वर्गात एक यूपिक सहायिका आहे, गावचीच. ऑगस्टअखेरीला तिने मला नदीकाठी तिच्या आईच्या मासे सुकवायच्या जागी नेलं. त्या मोसमातला शेवटचा मोठा मासा, सिल्व्हर सामन, आला होता. तिची आई उलुआक चालवत होती. ही अर्धचंद्राच्या पात्याची, वर मूठ असलेली बायकांची सुरी. मासा पाठीच्या काट्याजवळून उलगडायचा, शेपटीशी दोन्ही फाका जोडलेल्या ठेवायच्या, आणि मांसाला सारख्या अंतरावर आडव्या चिरा द्यायच्या म्हणजे वारा आत शिरतो. शेजारी नऊ-दहा वर्षांची नात उभी होती. आजी काही सांगत नव्हती, नात काही विचारत नव्हती. बराच वेळ गेल्यावर मुलीने दुसरी लहान उलुआक उचलली आणि एक छोटा मासा पुढे ओढला. आजीने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःचं काम चालू ठेवलं. मुलीच्या चिरा वाकड्या नव्हत्या.

या मुलखात शिकण्याची जुनी रीत ही अशी आहे. आधी पुरेसं बघायचं, हाताला खात्री वाटली की करायचं. अर्धवट जमलेलं चारचौघांत करून दाखवण्यात इथे काही भूषण नाही. वादळ येणार का, बर्फ पेलेल का, याबद्दल उगाच ठोकून दिलेलं उत्तर माणसाचा जीव घेऊ शकतं, तिथे खात्री नसताना न बोलणं हा शहाणपणा असतो. आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानेच तो प्रश्न दुसऱ्याला विचारावा, ही आम्हा शिक्षकांची रोजची रीत त्यांच्या घरात कुणी पाळत नाही. बेथेलमध्ये १९३४ साली जन्मलेले अंगायुकाक ऑस्कर कवागली आजीच्या हाताखाली वाढले, पुढे फेअरबँक्सच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९९५ च्या ‘अ यूपियाक वर्ल्डव्ह्यू’ या पुस्तकात त्यांनी हीच गोष्ट अभ्यासकाच्या भाषेत मांडली: नदीकाठचा मासेमारीचा तळ ही विज्ञानाची प्रयोगशाळा आहे, आणि तिथलं निरीक्षण हे खरंखुरं ज्ञान आहे. ते पुस्तक मी इथे आल्यावर वाचलं. आधी वाचायला हवं होतं असं मला वाटत नाही. त्या नातीला बघितल्यानंतर ते जास्त उघडलं.

पण वर्गातली सगळी शांतता या जुन्या रीतीतून आली आहे असं मानणं सोयीचं ठरेल, खरं ठरणार नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बसलं की दुसरी बाजू कळते. संघराज्य सरकारच्या जुन्या शाळांमध्ये यूपिक बोललं म्हणून मुलांना शिक्षा होत असे. तोंडात साबण कोंबल्याच्या आठवणी या प्रदेशात अनेकांच्या आहेत. ज्यांनी ते सोसलं त्यांतल्या कित्येकांनी आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं, मुलांना तसा मार बसू नये म्हणून. शाळेच्या दारात शिरताना तोंड मिटायचं, ही सवय अशी एका पिढीकडून दुसरीकडे आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फेअरबँक्सला यूपिकची आजची लेखनपद्धती बसवली गेली, १९७० च्या सुमारास काही शाळांत पहिल्या इयत्ता यूपिकमधून सुरू झाल्या. आज ही भाषा बोलणारे सुमारे दहा हजार लोक आहेत. अलास्काच्या मूळ भाषांमध्ये ती सर्वांत जास्त बोलली जाते. आमच्याही शाळेत खालच्या वर्गांत मुलं यूपिकमधून वाचायला शिकतात. तरी वरच्या वर्गात, माझ्यासारख्या परक्या बाईसमोर, इंग्रजीतला गणिताचा प्रश्न आला की जे मौन पसरतं त्यात आजीजवळ उभ्या राहिलेल्या नातीचा धीर किती आणि साबणाची चव किती, हे नव्या शिक्षकाला वरवर बघून सांगता येत नाही. दोन्ही मौनं एकाच चेहऱ्यावर बसलेली असतात. एकाला जागा करून द्यायची असते, दुसरं हलक्या हाताने सोडवायचं असतं. इथल्या सुरुवातीच्या महिन्यांतलं माझं खरं काम हेच होतं, पाठ्यपुस्तकाचा नंबर त्यानंतरचा.

या कामात मला आधार मिळाला तो फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या जेरी लिप्का यांच्या प्रकल्पाचा. त्यांनी यूपिक वृद्ध आणि यूपिक शिक्षकांबरोबर बसून वर्षानुवर्षं शालेय गणिताचे धडे तयार केले. एक धडा पक्ष्यांची अंडी गोळा करायला बेटावर जाण्याचा आहे. त्यात लहान मुलं पाचापाचांचे आणि विसाविसांचे गट करून स्थानिक किंमत शिकतात, कारण यूपिक मोजणी हातापायांच्या वीस बोटांवर उभी आहे. माझी आजीही आंबे विसाने मोजायची, त्यामुळे हा धडा मला अजिबात परका वाटला नाही. दुसरा धडा मोठ्या मुलांसाठी आहे, मासे वाळवायचा मांडव उभारण्याचा. मांडवाचा पाया आयताकृती हवा, आणि तो बिनगुण्याचा, नुसत्या दोरीने आखायचा.

सप्टेंबरमध्ये एका कोरड्या दुपारी आम्ही शाळेमागे खुंट्या आणि दोरी घेऊन गेलो. वर्गात निम्मी मुलं होती. मूसच्या शिकारीचे दिवस, बाकीची वडिलांबरोबर नदीवर वर गेली होती, आणि त्या गैरहजेरीबद्दल मला काही तक्रार नाही, हिवाळ्याचं मांस त्यातून येतं. मी फार बोलले नाही. मुलांनी समोरासमोरच्या बाजू सारख्या घेतल्या, चार खुंट्या ठोकल्या. एका मुलाने दोरी तिरकी लावून दोन्ही कर्ण मोजले, एक लांब निघाला, त्याने खुंटी बोटभर सरकवली, पुन्हा मोजलं. आपल्याकडचा गवंडी जोत्याची आखणी करताना नेमकं हेच करतो. मग मी एकच प्रश्न टाकला: कर्ण सारखे आले म्हणजे तो आयत झालाच का?

कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. वारा बराच होता. सहायिकेने तो प्रश्न हळूच यूपिकमध्ये पुन्हा म्हटला आणि तीही गप्प झाली. काही वेळाने मागे उभी असलेली एक मुलगी पुढे आली, जिचा आवाज मी तोवर वर्गात ऐकला नव्हता. तिने एका बाजूच्या दोन खुंट्या उपटल्या, दोन्ही सारख्याच आत घेऊन ठोकल्या, दोरी दोन्ही कर्णांवर लावून दाखवली. कर्ण सारखे. आकृती मात्र समलंब चौकोन. आयत कुठेच नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, दोरी गुंडाळली आणि जागेवर गेली.

गणितात प्रतिउदाहरण यापेक्षा नेटकं देता येत नाही. दहावीच्या हुशार मुलांना मी हा मुद्दा बोलून बोलून समजावलेला आहे. मग तो पहिला मुलगा धाकट्यांना यूपिकमध्ये काहीतरी सांगू लागला. समोरच्या बाजू आधी सारख्या असायला हव्यात, मगच कर्णांचा उपयोग, एवढं मला त्याच्या हातांवरून कळलं. शब्द सहायिकेने नंतर सांगितले. त्या मुलांनी ज्या भाषेत सिद्धता दिली ती भाषा मला येत नव्हती. माझ्या वर्गात दुसरी एक शिक्षिका असणं का अत्यावश्यक आहे, हे त्या दुपारी फार स्पष्ट झालं. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती, हे आम्ही बी.एड.ला परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्यामागे केवढा मोठा विचार होता, तो मला शाळेमागच्या टुंड्रावर उभं राहून कळला.

इथे मुलावर आवाज चढवत नाहीत. ओरडण्याने मुलाचं मन मिटतं, अशी वृद्धांची शिकवण आहे. शिवाय गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात आणि नावाबरोबर नातंही येतं. वर्गातल्या एका दांडगोबाला गावातली एक पांढऱ्या केसांची बाई वडिलांच्या नात्याने हाक मारते, त्याच्या ताटात चांगला तुकडा वाढते. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या घरातून मी आले आहे, म्हणून मला याची थोडी ओळख होती; पण आपल्याकडे नाव मागे उरतं, इथे ते नातं दररोज पाळलं जातं. अशा मुलाशी बोलताना शिक्षकाचा सूर आपोआप खाली येतो.

मुलं मात्र एक प्रश्न मोठ्याने, न लाजता विचारतात: पुढच्या वर्षी येणार का? दुसऱ्याच आठवड्यात विचारतात. या गावांतून शिक्षक फार लवकर जातात. एखादा मुलगा बारावीपर्यंत येईतो त्याने किती जणांना विमानात चढताना पाहिलेलं असतं. आल्या आल्या जीव लावायचा नाही, हे त्याला अनुभवाने शिकवलेलं असतं, आणि वर्गातल्या मौनात त्याचाही वाटा आहे. चांगला धडा, नवी उपकरणं, प्रशिक्षण, हे सगळं हवंच. पण ज्या बाई पुन्हा दिसणार नाहीत त्यांच्यापुढे आपलं समलंब चौकोनाचं गुपित कोण कशाला उघड करेल? राहणं ही इथे शिक्षकाची पहिली पात्रता आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. आणि जे जात नाहीत, ते गावचेच असतात.

आमची सहायिका संध्याकाळी घरची कामं आटोपून शाळेत येते, इथलं इंटरनेट बरं चालतं म्हणून, आणि विद्यापीठाच्या बेथेलमधल्या शाखेचे शिक्षक होण्यासाठीचे अभ्यासक्रम करते. बीजगणिताच्या पेपरला मी तिच्याबरोबर बसते. यूपिकच्या वाक्यांना ती माझ्याबरोबर. मी पुढच्या वर्षीच्या करारावर सही केली आहे. तिला प्रमाणपत्र मिळेल तेव्हा हा वर्ग तिच्या नावावर व्हावा, असं मुख्याध्यापकांना सांगून ठेवलं आहे, आणि तोवर थांबायचं ठरवलं आहे.