आधी काय तुटावं

काठी मोडली की गरवणारा आधी मासा किती मोठा होता ते सांगतो. दोन्ही हात पसरून दाखवतो. ऐकणारे मान डोलावतात, कारण त्यांच्याही माळ्यावर अशी एखादी अर्धी काठी पडलेली असते. मोडण्याची खरी गोष्ट बहुधा एवढी रंगतदार नसते. काठी गाडीच्या दारात चिमटते, मोटारसायकलला बांधून नेताना कशावर तरी आपटते. नाहीतर गरी खडकात अडकते आणि माणूस काठीलाच हिसके देऊ लागतो. दोराच धरून सरळ रेषेत ओढला असता तर शिसं किंवा गरी गेली असती, काठी वाचली असती.

हजार रुपयांच्या आत रीळसकट मिळणाऱ्या काठ्या आता कोकणातल्या जेट्यांवर आणि खाडीच्या पुलांवर सगळीकडे दिसतात. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, मिटवली की पाठीवरच्या पिशवीत मावते. हीच तिची सोय आणि हेच तिचं दुखणं. सांध्यात वाळूचा कण आणि वाळलेलं मीठ बसतं, नळ्या अडकतात, माणूस जोर लावून पिळतो आणि पातळ भिंतीला बारीकशी चीर जाते. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा कंटाळा पुढे महागात पडतो.

दुकानदार ती कार्बनची म्हणून विकतो. काळा रंग, वर जाळीची नक्षी. आत बहुतेक काचेचा धागाच असतो, आणि खरं सांगायचं तर त्यात रडण्यासारखं काही नाही. काचतंतूच्या काठ्या दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या, कार्बनच्या १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. कार्बनचा धागा काचेच्या धाग्याहून सुमारे तिप्पट ताठ असतो. त्यामुळे काठी बारीक आणि हलकी होते, माशानं आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. पण काचेचा धागा तुटण्याआधी कार्बनच्या दुपटीहून अधिक ताणला जातो. तो जड असतो, मऊ असतो आणि आपल्या चुका सोसतो. १९७६ साली अमेरिकेतल्या शेक्सपिअर कंपनीनं दोन्ही धागे एकत्र करून ‘अग्ली स्टिक’ काढली. दणकट काठी म्हणून तिचंच नाव आजही घेतलं जातं. स्वस्त काठीचा राग येतो तो तिच्या स्वस्तपणाचा नव्हे, तिनं घेतलेल्या सोंगाचा.

मोडण्याचा क्षण मात्र फसवा असतो. फेकताना शिसं काठीवर टकदिशी आपटतं, डोळ्यांना काहीच दिसत नाही. काठी वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि पोकळ नळी चपटी होऊ पाहते. जिथे जुना मार असेल तिथे ती हे सोसत नाही. घाव एका दिवशी बसतो, आवाज भलत्याच दिवशी होतो, तोही एखाद्या वीतभर माशावर. दोष अर्थातच कंपनीला.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे उंच धक्क्यावर मासा सरळ वर उचलणं. काठी उभी, दोरा तिच्या अंगालगत खाली लोंबतो आणि सगळं ओझं पेन्सिलीहून बारीक शेंड्यावर येतं. बुडाकडचा जाड भाग, जो ओझं पेलायलाच केलेला, तो नुसता बघत राहतो. जाणकार काठी खाली ठेवून बुंध्याला राबवतात आणि मासा दांड्याच्या जाळ्यात किंवा हातानं दोरा ओढून वर घेतात.

पण मला खरी गंमत वाटते ती दोऱ्याची. काठी एकदा मोडली की माणूस पुढच्या वेळी दोरा आणखी मजबूत घेतो. बारीक तंगूस सोडून ब्रेडेड दोरा, जो जवळजवळ ताणलाच जात नाही. आता हिसका बसला की तो सबंध काठीवर जातो. गरी, दोरा, रीळ, काठी या साखळीत जोर वाढला की काहीतरी सुटणारच. सगळंच अभंग करता येत नाही. आपल्या हाती एवढंच असतं, की आधी कुणी सुटायचं ते ठरवावं. फ्यूजची तार वारंवार जळते म्हणून तिथे जाड तांब्याची तार गुंडाळणारे शेजारी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तार मग जळत नाही, भिंतीतलं वायरिंग जळतं.

मुरलेली माणसं म्हणूनच शिसं मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं बांधतात. खडकात अडकलं तर तेवढंच तुटतं. गरी आणि तिला लागलेला मासा हाती येतो. रिळाचा ड्रॅग ती दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोरावर सुटेल असा ठेवतात, म्हणजे मासा पळाला तर दोरा देत राहतो. जुन्या चिवा बांबूच्या काठीला रीळही नव्हतं आणि दोरा ओवायच्या कड्याही नव्हत्या. शेंड्याला दोरा बांधला की झालं. मोठा मासा लागला तर दोरा जायचा, काठी दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार.

नवी काठी घ्यायची तर उलगडून डोळ्यासमोर धरावी, कड्या एका रेषेत आहेत का पाहावं. कड्यांच्या आतलं चिनी मातीसारखं अस्तर हलत असेल तर काठी परत करावी. अस्तर गळालं की धातूची कड दोरा खरवडत राहते. बुडाशी दोऱ्याच्या ताकदीचा आकडा छापलेला असेल तर तोही वाचावा. किती ताकदीचा दोरा या काठीला चालेल, एवढंच तो सांगतो. गिऱ्हाईक मात्र त्याच्याकडे केवढा मासा मिळणार याची हमी म्हणून पाहतं.