दामाजीपंतांचे कोठार आणि आजचा दवाखाना

करपट्टीच्या गोष्टींशी वारकऱ्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण दुखणे काही गळ्यातली माळ पाहून येत नाही. गेल्या आषाढीच्या वाटेवर आमच्या दिंडीत एका मुक्कामी यावरच वाद जुंपला. एक शेतकरी म्हणाले, "माउली, धनिकांवर कर वाढवा, म्हणजे गरिबाला औषध मिळेल." दुसरे व्यापारी गृहस्थ. ते म्हणाले, "आहे तोच पैसा सरकारला नीट खर्चता येत नाही, आणखी कशाला द्यायचा?" हरिपाठाची वेळ झाली, वाद थांबला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही.

व्यापाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तरी आमच्याच दिंडीतल्या एका मावशींना सरकारी दवाखान्यात खाट मिळाली, पैसे पडले नाहीत, आणि इंजेक्शन तेवढे बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी मिळाली. मुलाने शेळ्या विकल्या. मग मोफत ते काय झाले?

येथे आम्हाला मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे लोकांना खुली केली आणि पांडुरंगाने विठू महार होऊन बेदरला रक्कम भरली. कीर्तनात आपण चमत्कारापाशी थांबतो. पण ते धान्य आले कोठून? रयतेच्याच घामातून वसूल झालेले ते. कोठार भरलेले होते आणि दारात माणसे मरत होती. वसुली दुप्पट केली असती तरी कुलूप कुलूपच राहिले असते. आणि देवाने हिशेब बुडवला नाही बरे! पै न् पै भरून पावती घेतली.

मात्र ही कथा व्यापाऱ्यांनी अर्धीच ऐकू नये. कोठार रिकामे असते तर पंतांनी वाटले काय असते? संपत्ती कर आपल्याकडे १९५७ साली आला. २०१५ च्या अंदाजपत्रकात तो रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्र्यांनीच सांगितले की २०१३-१४ साली त्यातून १,००८ कोटी रुपये मिळाले. एवढा मोठा देश, एवढे बंगले, एवढे सोने, आणि वसुली एवढीच! त्याच्या जागी कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार बसला आणि त्यातून नऊ हजार कोटींची अपेक्षा धरली गेली. म्हणजे धनिकांकडून घेता येते. घेण्याची रीत बरोबर हवी. उलट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे ठरवले, त्याची मुदत २०२५ होती. तो पल्ला गाठला गेला नाही. तेव्हा "आधी खर्च सुधारा, मग कर मागा" हे बोलणे आम्हाला कंजूषपणाचे पांघरूण वाटते. रोगी तोवर थांबत नाही.

वारीच्या वाटेवर तर आपण सारे पाहतोच. सरकारने मनावर घेतले की जागोजागी तपासणी, औषध, रुग्णवाहिका उभी राहते. खाते तेच, माणसे तीच. मग उरलेल्या अकरा महिन्यांत काय होते? आणि वाटेवर उभे केलेले डॉक्टर कोण्या तरी गावचेच असतात. त्या गावाला त्या दिवसांत कोण पाहते? माणसे वाढवायची तर पैसा लागेल, तो ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडूनच येईल.

परतल्यावर आम्ही आमच्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे जाऊन आले किती, पडून किती, असे विचारणार आहोत. व्यापारी गृहस्थांनाही बरोबर चला म्हटले. "हिशेब मीच तपासतो," म्हणाले.