जे विरघळायचेच आहे, ते किती मोठे असावे?

अंधेरीचा राजा अनंत चतुर्दशीला निघत नाही. आझादनगरातल्या या मंडळाचा उत्सव १९६६ साली सुरू झाला, आणि तिथला गणपती पुढच्या संकष्टीपर्यंत मांडवातच असतो. मुंबईतले बाकीचे मांडव तोवर सुटलेले असतात. मग संकष्टीला मिरवणूक निघते, वाजतगाजत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येते आणि राजा पाण्यात जातो. वर्गणी, जागरणे, देखाव्याची ठाकठोक, आरतीच्या वेळचे भांडण आणि समेट, असे महिनोन्‌महिने ज्या रूपाभोवती चालले ते रूप काही क्षणांत दिसेनासे होते.

मूर्ती बुडवायचीच आहे हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक असते. मग तिचे मोल कशात असते? रूपात, की ते रूप घडवणाऱ्या आणि मोडणाऱ्या विधीत? आणि मोल विधीत असेल, तर रूपाला उंचीची, वजनाची, साहित्याची मर्यादा घातल्याने भक्ती उणी होते का? गणेशोत्सवाच्या दिवसांत वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर हा प्रश्न फार काळ पुस्तकी राहत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भरतीने परत आणून टाकलेले हात, सोंडा, मुकुट तो विचारतच असतात.

याच प्रश्नाचा विचार, देवाचे नावही न घेता, एक हौशी जमात चाळीस वर्षे करत आली आहे. तिचे नाव डेमोसीन. १९८०च्या दशकात युरोपातली मुले कमोडोर ६४ आणि अमिगा या घरगुती संगणकांवरच्या गेमची कुलुपे तोडत आणि गेम सुरू होण्याआधी आपल्या टोळीची सही म्हणून एखादे हलते चित्र जोडत. पुढे गेम मागे पडले आणि सहीच मोठी झाली. आज डेमो म्हणजे संगीतासह चालणारा दृश्यांचा खेळ, पण तो चित्रपटासारखा साठवलेला नसतो. यंत्र प्रत्येक चौकट त्या क्षणी गणिताने काढते आणि पुढच्या क्षणी पुसते. गटात एक जण प्रोग्राम लिहितो, एक संगीत रचतो, एक चित्राचे पाहतो. पोटापाण्यासाठी हे कोणी करत नाही. फिनलंडमध्ये १९९२ पासून असेंब्ली भरते, जर्मनीत सारब्र्युकेनला ईस्टरच्या सुट्टीत रिव्हिजन. मोठ्या पडद्यावर एकेक डेमो लागतो, प्रेक्षक मते देतात, टाळ्या पडतात, रात्री जागवल्या जातात. गणपतीत देखाव्याच्या मागे राबलेल्या माणसाला यातले काहीच परके वाटू नये.

खरी गंमत स्पर्धेच्या नियमांत आहे. तिथे गट पडतात ते आकारावरून. एक गट ६४ किलोबाइटच्या आतला, एक ४ किलोबाइटचा, एक थेट २५६ बाइटचा. २५६ बाइट म्हणजे किती? आजच्या नेहमीच्या पद्धतीने साठवले तर तेवढ्या जागेत देवनागरीची ८५ चिन्हे बसतात, काना-मात्रा धरून. गणपतीच्या एका आरतीचे कडवेही त्यात धड मावणार नाही. स्वीडनच्या लिनस ओकेसन याने २०१७ साली रिव्हिजनमध्ये ‘अ माइंड इज बॉर्न’ सादर केला, तो नेमका तेवढ्याच जागेत: कमोडोर ६४वर दोन मिनिटांहून जास्त चालणारे संगीत, ठेका, खर्ज आणि वर स्वरावली, सोबत बदलत जाणारी आकृती. ४ किलोबाइटच्या गटात उतरून त्याने पहिला क्रमांक मिळवला. एवढ्या जागेत चित्र साठवणे शक्यच नव्हते. त्याने साठवला तो चित्र घडवण्याचा विधी.

दुसरे उदाहरण यंत्राचे. आयबीएमचा १९८१चा पहिला पीसी, ४.७७ मेगाहर्ट्‌झचा. त्याच्या रंगीत कार्डाला सोळा रंग ठाऊक होते आणि चित्र काढताना त्यातले सहसा चारच वापरता येत. २०१५ साली ‘८०८८ एमपीएच’ या डेमोने त्याच यंत्रावर १०२४ रंग दाखवले. त्यासाठी त्याच्या कर्त्यांनी अक्षरांच्या वरच्या रेघांचे तुकडे वापरले आणि जुन्या टीव्हीकडे जाणाऱ्या संकेतात रंग कसे मिसळतात याचा पुरेपूर फायदा घेतला. हिशेब इतका काटेकोर होता की जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या त्या वेळच्या प्रोग्रामांवर हा डेमो नीट चालेना. त्याला खरे यंत्रच हवे होते. ‘फ्रीस्पिन’ या डेमोच्या कर्त्याने २०२१ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. कमोडोरची १५४१ ही फ्लॉपी ड्राइव्ह, म्हणजे संगणकाचा जोडधंदा करणारी पेटी. तिच्यात दोन किलोबाइट स्मृती आणि स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. डेमो एकदा पेटीत चढवला की संगणक काढून घ्यायचा. चित्र तिच्या केबलमधून थेट पडद्यावर जाते आणि संगीत वाजते ते ड्राइव्हचे डोके सरकवणाऱ्या मोटरच्या घरघरीतून.

हे पाहून आपल्याकडे पटकन निष्काम कर्माचे नाव निघेल. ते इथे लावू नये. या मंडळींना फळ हवे असते: टाळी, क्रमांक, सोबत्यांमध्ये नाव. सोडतात ते फळ नव्हे, साधन. मोठे यंत्र बाजारात मिळते, परवडतेही, तरी ते बाजूला ठेवून लहानातच मोठे काम करून दाखवायचे. याला आपल्याकडे व्रत म्हणतात. एकादशीला अन्न नाही म्हणून कोणी उपाशी राहत नाही. अन्न समोर असताना राहतो, म्हणून तो उपवास.

रूपापेक्षा विधी वरचढ, हा विचार आपल्या परंपरेत मूळ धरून आहे. पूर्वमीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी तर देवतेला शरीरच नाकारतात. त्यांच्या मते यज्ञात प्रधान आहे ते कर्म, देवता त्या कर्माचे अंग. भक्तिमार्गाला हे कोरडे वाटेल आणि ते योग्यही आहे. विठोबासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला चेहरा हवा, डोळे हवेत. पण पार्थिव गणेशाच्या पूजेत दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती. मग तो देव, घरचा पाहुणा, त्याच्यासाठी मोदक. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, आणि आता तिला निरोप द्यायचा हे घरातल्या लहान मुलालाही कळते. पाण्यातून परतताना पाटावर मूठभर वाळू येते. मखर वर्षभर माळ्यावर राहते, पूजेची पोथी फडताळात. पुढल्या वर्षी त्याच विधीतून रूप पुन्हा उभे राहते. डेमोची फाइल हीच पोथी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. डेमो चालवणाऱ्याच्या मनात देव नाही, म्हणून त्याच्या खटाटोपाला पूजा म्हणणे ही त्याच्यावरही आणि पूजेवरही जबरदस्ती होईल. पूजा म्हणायचेच नाही. विचारायचे एवढेच की मर्यादा स्वीकारलेल्या कलेचा दर्जा घसरतो का? गेल्या चाळीस वर्षांचा पुरावा सांगतो, घसरत नाही. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला आपापल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले. आपले वेदपठण युनेस्कोच्या यादीत आहे तेही याच अर्थाने: तिथे जपायची वस्तू नसते, जपायची असते ती करण्याची रीत.

रीत जपायची तर तिचा शेवटही नीट व्हायला हवा. डेमो संपला की स्मृती मोकळी होते, मागे काही उरत नाही. शाडूची मूर्तीही पाण्यात काही तासांत चिखल होते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तसे नाही. ते पाण्यात दीर्घकाळ टिकते, त्याचा रंगही पाण्यात उतरतो, आणि विसर्जन झाले असे म्हणताना मूर्ती मात्र भंगलेल्या अवस्थेत उरते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर हे अधिकच बोचते. इथला कचरा उचलण्याचे काम ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह यांनी सुरू केले, हजारो हात त्यात लागले, आणि मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे गेली.

करोनाच्या २०२० सालात सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली होती. त्या वर्षी गणपती आला नाही असे कोणी म्हटले नाही. मात्र ती मर्यादा वरून आली होती, म्हणून उठताच उंची परत वाढली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचा आदेश दिला, तोही वरूनच. पीओपी हलके आणि स्वस्त आहे, मोठी शाडूची मूर्ती तडकते, पेणच्या कारखान्यांतल्या हजारो हातांचे पोट त्यावर आहे, या अडचणी खऱ्या आहेत. हुकमाने त्या सुटणार नाहीत. चढाओढीने सुटू शकतील, कारण चढाओढ ही मंडळांची जुनी ताकद आहे.

तेव्हा वर्सोवा-अंधेरीतल्या मंडळांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. बक्षिसांमध्ये आकाराचे गट पाडा. दोन फुटांच्या आतली शाडूची मूर्ती हा एक गट, चार फुटांच्या आतली हा दुसरा, आणि एका रात्रीत पूर्ण विरघळणे ही दोन्हींची अट. बक्षीस सर्वांत उंच मूर्तीइतकेच मोठे ठेवा, आणि परीक्षकांना विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीही किनाऱ्यावर बोलवा.