मध्य, समतोल आणि ‘जवाब’: छायाचित्रातील सममितीचा नैतिक विचार

छायाचित्राच्या चौकटीत एखादी वस्तू नेमकी मध्यभागी ठेवणे आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारखे वजन देणे, ही रचनेची सर्वांत सोपी पद्धत समजली जाते. सोपी समजली गेल्यामुळे तिची चर्चा बहुधा अभिरुचीच्या पातळीवरच थांबते. नवशिक्यांसाठी लिहिलेली पुस्तके ती टाळण्याचा सल्ला देतात. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पावेत आणि मुख्य वस्तू मध्यापासून दूर, त्या रेषांच्या छेदबिंदूपाशी ठेवावी, असा त्यांचा आग्रह असतो. हा नियम कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण निसर्गदृश्यांविषयीच्या आपल्या पुस्तकात तृतीयांशाच्या प्रमाणाला नियमाचे रूप दिले होते. दुसरीकडे, जाक देरिदा यांच्या १९६६ मधील व्याख्यानानंतर ‘केंद्र’ ही संकल्पनाच संशयित ठरली. रचनेला आवरून धरणारे केंद्र स्वतः मात्र रचनेच्या खेळातून सुटलेले असते, हा त्यांचा मुद्दा पुढे इतका सुलभ झाला, की मध्यवर्ती रचना म्हणजे सत्तेची रचना असे समीकरणच रूढ झाले.

या दोन भूमिका परस्परांपासून दूर दिसतात. परंतु त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही आकृतीचे मूल्य आधीच ठरवून टाकतात. एकीला मध्य कंटाळवाणा वाटतो, दुसरीला तो अन्यायी वाटतो. प्रत्यक्ष छायाचित्रात त्या मध्यासाठी काय मोजले गेले, हा प्रश्न दोघींच्याही कक्षेत येत नाही. वस्तुतः नैतिक विचाराला तेथूनच आरंभ होतो. सममितीने रचलेल्या चौकटीत जे मध्यभागी नाही, त्याचे काय होते?

मराठी सौंदर्यविचारात हा प्रश्न ज्या जागी उपस्थित व्हायला हवा होता, ती जागा परिचित आहे. बा. सी. मर्ढेकरांनी लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम मांडले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथाने ते मराठी समीक्षेच्या परिभाषेत स्थिर केले. मर्ढेकरांच्या दृष्टीने समतोल हा संवेदनांच्या संघटनेचा गुण आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलेच्या संकल्पनेला स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवले. छायाचित्राच्या संदर्भात या द्विध्रुवात्मकतेला विशेष धार येते. चित्रकाराच्या समतोलात डावीकडचे झाड आणि उजवीकडचे झाड ही दोन्ही रंगाची क्षेत्रे असतात. छायाचित्रकाराच्या समतोलात मात्र ती खरोखरची झाडे असतात, आणि माणसे असतील तर खरोखरची माणसे असतात. तेथे समतोल साधणे म्हणजे जगातल्या काही गोष्टींना परस्परांची जोडी म्हणून उभे करणे होय.

या जोडी लावण्याच्या व्यवहारासाठी मोगल वास्तुकलेने एक अर्थपूर्ण शब्द दिला आहे. आग्र्याच्या ताजमहालाच्या पश्चिमेस मशीद आहे. पूर्वेस तिच्याच आकाराची दुसरी इमारत आहे. तिला ‘जवाब’ म्हणतात. भारतात किब्ला पश्चिमेकडे असल्याने पश्चिमेची इमारत मशीद म्हणून सार्थ आहे. पूर्वेच्या इमारतीला ते प्रयोजन असू शकत नाही. म्हणून तिच्यात मिहराबही नाही. तिचा निवासासाठी उपयोग झाला असला, तरी तिचे मूळ प्रयोजन दुसऱ्या इमारतीला तोल देणे हेच. सममिती समतेचा भास कसा निर्माण करते, हे या शब्दातून उलगडते. दोन बाजू परस्परांशी समान असतात. पण त्या अक्षाशी समान नसतात. अक्षासाठी त्या एकमेकींच्या बरोबरीने उभ्या असतात. आणि त्या दोहोंपैकी एक तर केवळ उत्तर असते. तिला स्वतःचा प्रश्न नसतो. याच ताजमहालात अक्षावर मुमताजची कबर आहे, आणि नंतर तिच्या पश्चिमेस ठेवलेल्या शाहजहानच्या कबरीला पूर्वेकडे जवाब नाही. सममितीच्या या परमोच्च उदाहरणात ती भंगते, ती खुद्द बादशहामुळे. दर्शनी अक्षावरून घेतलेल्या कोणत्याही छायाचित्रात हे दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा या वास्तूत हीच मांडणी उलट झालेली आढळते. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये निवर्तली. तिच्यासाठी ही वास्तू उभी राहिली. प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुशिल्पी अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे आहेत. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवाराच्या दक्षिणेस प्रवेशद्वार आहे, आणि तेथून कारंज्यांची सरळ रांग दृष्टीला मुख्य वास्तूकडे नेते. आत, मध्यभागी, एकच कबर आहे. तिला जोड नाही. म्हणून तेथे सममिती अबाधित आहे. बाहेर मात्र, चौथऱ्यावर पश्चिमेस, निजामी अंमलात एक मशीद बांधली गेली. पूर्वेस तिचा जवाब उभारण्यात आला नाही. ही मशीद दिशेसाठी बांधलेली आहे. तिने अक्षाची पर्वा केलेली नाही.

दक्षिणेकडून मध्यरेषेवर उभ्या राहणाऱ्या छायाचित्रकाराला ही मशीद दोषासारखी दिसू लागते, आणि हे त्याच्या वैयक्तिक पूर्वग्रहामुळे घडत नाही. सममितीची चौकट एकदा पत्करली, की जे काही जोडीशिवाय आहे ते आपोआप अडथळा ठरते. मग चौकट घुमटापुरती आवळता येते, एखाद्या झाडाचा आडोसा घेता येतो, छापताना तो भाग गडद करता येतो, किंवा माणसे दूर होईपर्यंत थांबता येते. यांपैकी एकही कृती असत्य नाही. कॅमेऱ्याने न पाहिलेले काहीही चित्रात घातलेले नसते. तरीही नमाजासाठी बांधलेली एक वास्तू केवळ तिला प्रतिबिंब नाही म्हणून नाहीशी झालेली असते. छायाचित्राचा नैतिक प्रश्न खोटेपणाच्याही आधी, येथे, सुरू होतो.

त्याच चौकटीने या वास्तूवर आणखी एक अन्याय केला आहे. ‘दख्खनचा ताज’ हे तिचे लौकिक नाव स्तुतीचे वाटते. पण त्यात पराभवाचा निवाडा दडलेला आहे. ताजमहालाची जगभर पोहोचलेली प्रतिमा मध्यरेषेवरून, पाण्याच्या पाटासह घेतलेली असते. मकबऱ्याची प्रतिमाही त्याच जागेवरून घेतली जाते. दोन वास्तू अशा एकाच आसनावर बसवल्या, की पाहणाऱ्यापाशी प्रमाण मोजण्यापलीकडे काही उरत नाही, आणि त्या मापात मकबरा उणा ठरतो. म्हणजे मकबऱ्यालाच ताजमहालाचा जवाब करून टाकण्यात आलेले असते. अक्ष सोडून बाजूला गेले तर काय दिसते? संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटात आहे, मधला मोठा भाग दख्खनच्या काळ्या दगडावर केलेल्या गिलाव्याचा आहे. मध्यरेषेवरून, दुरून, हा फरक एकाच शुभ्रतेत विरघळतो. जवळून आणि तिरकस पाहिले की गिलाव्यातली नक्षी स्वतंत्र कारागिरी म्हणून उभी राहते. मागच्या डोंगररांगेशी असलेले या वास्तूचे नातेही तेव्हाच लक्षात येते. न्याय करण्यासाठी येथे मध्य सोडावा लागतो.

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या चैत्यगृहात हा विचार अधिक खोल जातो. स्तंभांच्या दोन रांगांमधून समोर पाहिले, की स्तूपावर कोरलेली बुद्धाची बैठी मूर्ती नेमकी मध्यभागी येते. सममितीला याहून अनुकूल दृश्य सापडणे कठीण. परंतु या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प, सुमारे ७ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, डाव्या भिंतीवर, स्तंभांच्या आड आहे. मध्यरेषेवरून घेतलेल्या छायाचित्रात आसनस्थ बुद्ध पूर्ण येतो, आणि निर्वाणाला पोहोचलेला बुद्ध येत नाही. तो पाहायचा तर मध्य सोडून प्रदक्षिणेच्या वाटेने चालावे लागते. लेणे कोरणाऱ्यांना अक्ष ठाऊक होता. पण त्यांच्या लेखी अक्ष हे दर्शनाचे आरंभस्थान होते. छायाचित्र एका बिंदूवरून, एका क्षणात घेतले जाते. त्यामुळे आरंभस्थानच त्याला शेवट वाटू लागते. स्थापत्यातील सममिती आणि छायाचित्रातील सममिती यांत हा मूलभूत भेद आहे. पहिली चालणाऱ्यासाठी असते, दुसरी थांबलेल्यासाठी.

इमारतींविषयी हे मान्य झाले तरी माणसांच्या बाबतीत प्रश्न अधिक कठोर होतो. वसाहतकाळापासून रूढ झालेले समूहछायाचित्र पाहावे. मध्ये खुर्चीवर अधिकारी, दोन्ही बाजूंना दर्जाच्या उतरत्या क्रमाने बसलेले कर्मचारी, मागे उभे असलेले कनिष्ठ, आणि दोन टोकांना दोन शिपाई. डावा शिपाई उजव्या शिपायाचा जवाब असतो. त्याचा चेहरा छायाचित्रात आहे, पण तो तेथे चेहरा म्हणून नाही, वजन म्हणून आहे. त्याच्या जागी दुसरा कोणीही तेवढ्याच उंचीचा चालला असता. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, हा कांटचा नियम येथे रचनेच्या भाषेत मोडलेला दिसतो. आणि तो मोडताना कोणाच्याही मनात दुष्टावा नसतो, ही त्यातली खरी अडचण आहे.

मग मध्यवर्ती रचना सरसकट त्याज्य मानावी काय? असे म्हणणाऱ्याला मराठवाड्याच्या अनुभवातील एका दृश्याचे उत्तर द्यावे लागेल. ज्यांची घरे गावाच्या रचनेतच कडेला, वेशीबाहेर ठेवली गेली, त्यांच्या घरातील दर्शनी भिंतीच्या मध्यभागी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केलेले येथील महाविद्यालय (पुढचे मिलिंद महाविद्यालय), १९७८ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यानंतर उसळलेला हिंसाचार आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, हा इतिहास ज्यांच्या आयुष्यातून गेला, त्यांच्यासाठी ही तसबीर मध्यभागी असणे हा केवळ सजावटीचा भाग नव्हे. नामांतराच्या लढ्यात एका नावाने सार्वजनिक जीवनाच्या मध्यभागी येण्याला झालेला विरोध हा मूलतः मध्य कोणाचा, याच प्रश्नावरचा विरोध होता. मध्य म्हणजे सत्ता, हे समीकरण येथे लावायचे, तर ज्यांना कधीच मध्य मिळाला नाही त्यांनी तो मागू नये, असाच त्याचा अर्थ होईल.

यावर असा आक्षेप घेता येईल, की मध्यावर बसणारी व्यक्ती बदलल्याने रचना बदलत नाही. आक्षेप गंभीर आहे, आणि समोरासमोरच्या रचनेचा इतिहास त्याला पुष्टीही देतो. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या संग्रहातही अनेक माणसे चौकटीच्या मध्यभागी आहेत. परंतु तेथे ती जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून आहेत. चेहरा हा शेजारच्या मजकुराचा जवाब आहे. म्हणजे मध्यभागी असणेही माणसाला वाचवू शकत नाही. तेव्हा भेद करायचा तो वेगळ्या ठिकाणी. स्टुडिओत स्वतःच्या इच्छेने, आपल्या निवडीचे कपडे घालून, कॅमेऱ्याकडे सरळ पाहत बसलेल्या माणसाच्या छायाचित्रात डावी-उजवी बाजू जवळजवळ रिकामी असते. त्याच्यासाठी कोणालाही जोडीला उभे केलेले नसते. तेथली खरी सममिती कागदावर नसते. ती कागदावरचा चेहरा आणि त्यासमोर उभा असलेला पाहणारा यांच्यामध्ये असते. दोन नजरा एकमेकींच्या समोर येतात आणि त्यांपैकी एकही दुसरीचे केवळ उत्तर नसते. दर्शनी भिंतीवरची तसबीर याच अर्थाने मध्यभागी असते. ती पाहणाऱ्याला कडेला ढकलत नाही. तिच्यासमोर सरळ उभे राहण्याचे आवाहन करते. ज्या दिवशी तिच्या दोन्ही बाजूंना माणसे केवळ शोभेसाठी उभी केली जातील, त्या दिवशी तीही अक्ष होईल. हा धोका कोणत्याही मध्याला टळलेला नाही, आणि तो ओळखणे हेच त्या तसबिरीशी प्रामाणिक राहणे आहे.

हा विचार छायाचित्रापुरता मर्यादित राहत नाही. वाङ्मयेतिहासाच्या मांडणीतही जवाबाच्या इमारती बांधल्या जातात. नागर साहित्याला तोल म्हणून ग्रामीण, मध्यमवर्गीय साहित्याला उत्तर म्हणून दलित, अशा जोड्या अध्यापनाला सोयीच्या असतात. त्यांतून दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळाल्याचे समाधानही लाभते. परंतु औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’मधून जे लेखन पुढे आले, ते कशाचा तरी जवाब म्हणून वाचले, की त्याचा स्वतःचा प्रश्न ऐकू येईनासा होतो. विद्रोह हे त्याचे एकमेव लक्षण ठरवणारी समीक्षा त्याचा गौरव करत असतानाच त्याला प्रस्थापिताच्या अक्षाला बांधून टाकते. पश्चिमेच्या मशिदीला जशी दिशा आहे, तशी या लेखनालाही स्वतःची दिशा आहे. ती प्रस्थापित साहित्याच्या संदर्भावाचूनही वाचता यायला हवी.

यावरून एक निकष सुचवता येईल. मध्यवर्ती रचना वाईट नाही, आणि ती टाळणे ही नीती नाही. मध्य टाळणारी चौकटही कोणाला तरी वगळतेच. सममितीचे मूल्य ठरवताना मध्यभागी काय आहे, यापेक्षा तिच्यासाठी कोणाला जवाब व्हावे लागले, हे आधी विचारले पाहिजे. ज्या चौकटीत कोणालाही तसे व्हावे लागलेले नाही, तेथे मध्य हा आदराचा असतो. जेथे व्हावे लागले आहे, तेथे समतोल कितीही निर्दोष असला तरी त्याचा हिशेब अपुरा असतो, आणि तो पुरा करण्यासाठी पाहणाऱ्याने मध्यरेषा सोडून काही पावले बाजूला जाणे भाग आहे.