चरित्रनायकाच्या हातची लेखणी

कोशातील चरित्रनोंद विश्वासार्ह ठरते ती मुख्यतः एका अंतरामुळे, म्हणजे ज्याचे चरित्र लिहिले जाते तो आणि ते लिहिणारा या दोन व्यक्ती वेगळ्या असतात या गृहीतामुळे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी भागभांडवल उभे केले, सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी चरित्रकोशांचे खंड सिद्ध केले, आणि वाईचा मराठी विश्वकोश तर शासनाच्याच पैशावर उभा राहिला. तरीही लेखणी अभ्यासकाच्या हाती होती. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात मात्र कोणालाही बहुतेक पानांत बदल करता येतो, आणि प्रत्येक बदल ‘इतिहास पहा’ या दुव्याखाली तारीख-वेळेसह कायम राहतो. ज्याचा विषयाशी स्वार्थाचा संबंध आहे त्याने, म्हणजे हितसंबंधीयाने, स्वतःविषयीच्या पानापासून दूर राहावे असा संकेत आहे. पण तो पाळला जाईल की नाही हे संपादकांच्या दक्षतेवर अवलंबून असते.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील खर्डीसारख्या गावात या संकेताचे मोल नेमके कळते. या तालुक्यातील तानसा (१८९२) आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा भागातील एखाद्या लोकप्रतिनिधीच्या पानावर, फलकांवरचे ‘कार्यसम्राट’ हे विशेषण तसेच उचलून, ‘तालुक्याचा पाणीप्रश्न मार्गी लावला’ असे संदर्भाविना वाक्य घातले गेले, तर मोबाईलवर ते वाचणाऱ्या तरुण मतदाराला तो प्रचार आहे हे कळण्याचा मार्ग उरत नाही, कारण फलक कोणी लावला हे फलकावरच छापलेले असते आणि कोशाच्या पानावर मात्र लिहिणाऱ्याचे नाव वाचकासमोर येत नाही. इंग्रजी पानावर असे वाक्य बहुधा लवकर हटते. मराठीत सक्रिय संपादक मोजके, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकू शकते.

या प्रवृत्तीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेचे आहे. मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस सदस्य मार्टी मीहान यांच्या कार्यालयाने त्यांच्या पानावरचा मजकूर काढून तेथे कार्यालयात तयार केलेले चरित्र ठेवले, आणि आपण चारच कार्यकाळ पदावर राहू हे त्यांनी पूर्वी दिलेले आणि पुढे न पाळलेले वचन त्यात नाहीसे झाले. जानेवारी २००६ मध्ये हे उघडकीस आले. येथे स्तुतीपेक्षा वगळणूक अधिक गंभीर मानली पाहिजे, कारण स्तुती निदान नजरेत भरते, गाळलेले वचन मात्र शोधावे लागते. भारतात जून २०१५ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या इंग्रजी पानावर त्यांच्या पूर्वजांविषयी खोटा मजकूर घातला गेला, आणि तो बदल राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे सरकारी कार्यालयांना इंटरनेट पुरवणाऱ्या यंत्रणेच्या, पत्त्यावरून झाल्याचे आढळले. तेथे लेखणी स्वतःचे चरित्र सजवत नव्हती, दुसऱ्याचे डागाळत होती. सरकारी साधन वापरले गेले ही बाब मात्र दोन्हीकडे सारखीच. नाव नोंदवून केलेल्या बदलात असा पत्ता उघड दिसत नाही, त्यामुळे उघडकीस न आलेले बदल किती असतील याचा अंदाजही करता येत नाही.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. महाराजांविषयीची लोकभावना खरी आणि आदरणीय आहे. पण संदर्भ कमकुवत असेल तर सबळ संदर्भ देऊन तो खोडण्याची सोय त्याच पानाच्या चर्चापानावर असते, आणि ती बाजूला सारून पोलिसांचा मार्ग निवडला गेला की विनामोबदला काम करणारा संपादक आमदार-मंत्र्यांच्या पानावरचे ‘कार्यसम्राट’ खोडतानाही दहा वेळा विचार करतो.

पदाधिकाऱ्याची तक्रार कधी रास्तही असते, उदाहरणार्थ जन्मतारीख चुकलेली असते किंवा निर्दोष सुटल्यानंतरही जुन्या खटल्याचाच उल्लेख उरलेला असतो. अशा वेळी त्याने स्वतःची ओळख उघड करून चर्चापानावर पुराव्यासह दुरुस्ती मागावी. स्वतःविषयी स्वतः लिहिण्याची जागा त्याला कायद्याने आधीच दिलेली आहे: सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे शपथपत्रावर जाहीर करावी लागतात, आणि त्यात खोटी माहिती दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मराठी विकिपीडियावरील प्रत्येक आमदाराच्या पानावर या शपथपत्राचा दुवा दिसू लागला, तर खर्डीच्या मतदाराला चरित्रातील दावे शपथेवर दिलेल्या माहितीशी ताडून पाहता येतील, आणि हे काम तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागालाही हाती घेता येईल.