पाणी कुठे मुरतंय?

गाडी विकायची ठरली तेव्हा मी सगळ्यात आधी रेडिएटरचं झाकण बदललं.

मी मूळचा लातूरचा, नोकरी नांदेडला. गाडी जुनी हॅचबॅक. गिऱ्हाईक चाकूरचे एक सर, रोज लातूरला अप-डाउन करणारे. दर आठ-दहा दिवसांनी कूलंट पेलाभर कमी व्हायचं आणि मी बोअरचं पाणी ओतायचो. त्या जड पाण्याने आत क्षार धरतात, हे माहीत असूनही.

झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. तेवढ्या बारचा दाब होईपर्यंत आतली स्प्रिंग दम धरते, म्हणून पाणी 100 अंशांना न उकळता 120 च्या आसपासपर्यंत तग धरतं. दाब त्याहून वाढला की जास्तीचं कूलंट बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की एक छोटी झडप उघडते आणि ते परत आत ओढलं जातं. दुकानदार म्हणाला, "मोठा आकडा घ्या, पक्कं बसतं." हा सल्ला ऐकू नका. वाढलेला दाब जुन्या होजवर आणि सांध्यांवर येतो. गाडीला कंपनीने दिलाय तोच आकडा घ्यायचा. मी तोच घेतला. पाणी कमी होतच राहिलं.

मिस्त्रीचाचा म्हणाले, "झाकणातूनच जातंय हे कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांच्याकडे हातपंपासारखा टेस्टर होता. इंजिन थंड असताना तो झाकणाच्या जागी बसवायचा, झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा पडला तर गळती आहे.

"लावू का?"

"राहू द्या, उद्या बघू."

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या गावचा मी. आणि पेलाभर पाणी कुठे मुरतंय हे विचारायला कचरत होतो. कारण तोवर मला सरांना सांगता येत होतं, "झाकण नवीन टाकलंय, बाकी मला काही माहीत नाही." यात एक शब्द खोटा नव्हता.

1872 च्या करार कायद्यात, कलम 17 खाली, एका घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात विकणाऱ्याला घोड्याचं दुखणं ठाऊक आहे, तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडं घेणारा तोंड उघडून दात बघतो, पळवून बघतो. सरांनी टायर बघितले, एसी लावून बघितला. त्यांच्याकडे टेस्टर नव्हता, आणि माझ्यासमोर तो होता.

मग विकण्याआधी प्रत्येक नट उघडून बघायचा का? नाही. पण मला संशय होता, आणि तो संशयच राहावा म्हणून मी धडपडत होतो. मला तर गप्प बसणारा तो घोडेवाला माझ्यापेक्षा बरा वाटतो. दुखणं त्याच्या मनात तरी असतं. मला पैसे पूर्ण हवे होते आणि रात्री झोपही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी टेस्टर लावला. दहा मिनिटांत काटा खाली. बोनेटखाली थेंब नाही, होजवर वाळलेला पांढरा ओघळ नाही, वॉटर पंपाखाली कोरडं. मग त्यांनी डाव्या सीटपुढचं मॅटिंग उचललं. खाली चिकट ओल. हीटर कोर! मराठवाड्यात हीटर लावतो कोण? पण कूलंट त्यातूनही फिरत असतं. दुरुस्तीला डॅशबोर्ड उतरवावा लागणार होता.

मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी खर्चाएवढी किंमत कमी करून मागितली, मी केली. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "पण तुम्हाला हे कधी कळलं?"

"आजच," मी म्हणालो.

गाडीत तो गोडसर वास मला दिवाळीपासून येत होता.